डाईंगचं रंगीत पाणी: हिराकस, चुना आणि रोजची बरणी-चाचणी

पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात तुरटी फिरवली की अर्ध्या तासात गाळ खाली बसतो. हे घराघरांत माहीत असल्यामुळे डाईंग सुरू करणारा नवा माणूस रंगाच्या पाण्यातही पहिल्यांदा तुरटीच टाकतो. कधी ती लागू पडते, कधी पोतंभर टाकूनही पाणी लालच्या लाल राहतं. कारण सरळ आहे. चिखलाचे कण पाण्यात तरंगत असतात, सुती लडीच्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगातला बराचसा भाग मात्र साखरेसारखा विरघळलेला असतो. तरंगणारं खाली बसवणं सोपं. विरघळलेलं आधी फाडावं लागतं, दूध नासतं तसं.

बेळगाव जिल्ह्यात वडगाव, खासबाग, शहापूर, सुळेभावी किंवा निपाणी-चिकोडीकडे लडी रंगवण्याचं लहान काम सुरू करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. दिवसाला चार-पाच हजार लिटर रंगीत पाणी निघतं असं धरलंय. तुमचं पाणी जास्त असेल तर आकडे त्या पटीत वाढवा, पद्धत तीच.

आधी रंग ओळखा

डब्यावरचं नाव पाहण्याआधी सूत कुठलं ते पाहा. पॉलिएस्टरला डिस्पर्स रंग लागतो. तो पाण्यात विरघळत नाही, बारीक कणांच्या रूपात राहतो, म्हणून तुरटी किंवा पॉली अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडनं (बाजारात सगळे त्याला ‘पॅक’ म्हणतात) चांगला बसतो. व्हॅट रंगाचंही तसंच. सुती आणि व्हिस्कोस म्हणजे आर्ट सिल्कला रिअ‍ॅक्टिव्ह किंवा डायरेक्ट रंग लागतो. डायरेक्ट बऱ्यापैकी बसतो, रिअ‍ॅक्टिव्ह त्रास देतो. खऱ्या रेशमाचा आणि नायलॉनचा अ‍ॅसिड रंग रिअ‍ॅक्टिव्हसारखाच हट्टी.

काळ्यासाठी सल्फर ब्लॅक वापरत असाल तर एक नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: या पाण्यात आम्ल कधीही टाकायचं नाही. टाकलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो आणि जास्त प्रमाण झालं की वास कळेनासा होतो. खोल हौदात उतरलेला माणूस तिथेच पडतो, त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. सल्फरचं पाणी पीएच (आम्ल-अल्कलीचा आकडा; ७ मध्यम, खाली आम्ल, वर अल्कली) ९ च्या वर ठेवूनच हिराकशीनं म्हणजे फेरस सल्फेटनं फाडायचं. लोखंड आणि सल्फाइड मिळून काळा साका तयार होतो आणि तळाला जातो.

नाल्या वेगळ्या करा

सगळ्यात जास्त पैसा इथे वाचतो आणि नेमकं हेच बांधकामाच्या वेळी कुणी करत नाही. रंगाच्या टबातलं पहिलं पाणी, साबणाचं पाणी आणि शेवटच्या धुण्याचं जवळजवळ स्वच्छ पाणी अशी तीन पाणी एकाच गटारात सोडली, की तिन्हींवर सगळ्यात महागडा उपचार करावा लागतो.

मिठाचा हिशोब एकदा कागदावर मांडून बघा. १० किलो सुती लडी, किलोला २० लिटर पाणी, म्हणजे टब २०० लिटरचा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाला लिटरमागे ५० ग्रॅम मीठ किंवा ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) धरलं तर एका टबात १० किलो मीठ गेलं. रंग सुतावर चढतो, मीठ मात्र सगळं पाण्यातच राहतं. विरघळलेल्या क्षारांची मर्यादा लिटरला २१०० मिलिग्रॅम आहे. ते १० किलो मीठ तेवढं पातळ करायचं तर पावणेपाच हजार लिटर गोडं पाणी लागेल, आणि पाणी ओतून पातळ करणं हा उपचार म्हणून धरलाच जात नाही.

या लेखातली कुठलीही पुडी मीठ काढत नाही, हे पक्कं ध्यानात ठेवा. उलट हिराकस, चुना, आम्ल यांनी क्षार थोडे वाढतातच. म्हणून टबातलं पहिलं खारट पाणी वेगळ्या टाकीत घ्या. ते एक तर पुढच्या गडद शेडला पुन्हा वापरा, नाही तर अस्तर लावलेल्या उथळ हौदात उन्हानं आटवा. जूनपासून चार महिने आपल्याकडे आटवणं विसरा. तेवढ्या दिवसांसाठी झाकलेली टाकी हवी, नाही तर अशा पाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या सामायिक केंद्राचा टँकर ठरवलेला हवा. शहापूर-वडगाव शिवारातली काळी माती सोडियमची वैरीण आहे. खारं पाणी मुरलं की ती ओली असताना चिकट लगदा होते, वाळली की दगड. बळ्ळारी नाला याच शिवारातून मार्कंडेय नदीकडे जातो. नाल्याला पूर आला की तुमच्या गटारातलं पाणी कुणाच्या भातात शिरतं, हे सांगायची गरज नाही.

टाक्या आणि सामान

तीन टाक्या लागतात. पहिली साठवणीची, पूर्ण दिवसाचं पाणी मावेल एवढी. सकाळचा पिवळा, दुपारचा मरून आणि संध्याकाळचा काळा (सल्फर ब्लॅक सोडून) तिथे एकत्र होतात, गरम पाणी निवतं. इथे हवा सोडली तर पाणी सारखं होतं आणि कुजत नाही. दुसरी प्रक्रियेची, ५००० लिटरची, तळ निमुळता. तिला मोटरचा हळू फिरणारा पंखा, तळाशी गाळाचा व्हॉल्व्ह आणि तळापासून हातभर वर निवळ पाण्याचा नळ. तिसरी निवळ पाण्याची. शिवाय गाळ वाळवायचा वाफा: खाली वीतभर खडी, वर वीतभर वाळू, त्याखाली छिद्रांचा पाइप, जो गळणारं पाणी परत पहिल्या टाकीत आणतो.

सामानात हिराकस म्हणजे फेरस सल्फेट, विरलेला चुना, अ‍ॅनायोनिक पॉलिमर पावडर (ऋण भाराची, बारीक कणांचे पुंजके बांधणारी) आणि गंधकाम्ल. १ ते १४ पट्ट्यांचा पीएच कागद चालेल. मीटर घेतलात तर ४, ७ आणि ९.२ च्या बफरनं आठवड्यातून एकदा तरी जुळवून घ्या. न जुळवलेल्या मीटरपेक्षा कागद बरा.

हिराकस घेताना पोतं उघडून बघा. खडे फिक्या हिरव्या रंगाचे हवेत. वर तपकिरी पूड जमली असेल तर माल हवेनं जुना झालाय, भावात सूट मिळाली तरी घेऊ नका. चुन्याचं उलट आहे, तो दिसायला पांढराच राहतो पण दमट हवेत मरतो. पावसाळ्यात महिनाभराचा साठा एकदम भरू नका. पोतं प्लास्टिकच्या पिंपात, झाकण घट्ट.

द्रावणं

इथे चूक झाली की पुढचे सगळे आकडे खोटे.

१०० ग्रॅम हिराकस पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर करा. हे १० टक्क्यांचं द्रावण. याचं १ मिली १ लिटर पाण्यात टाकलं की डोस १०० मिलिग्रॅम झाला. रोज ताजं करा, दुसऱ्या दिवशी ते गंजाच्या रंगाचं होतं आणि गुण कमी होतो.

चुना १०० ग्रॅम, पाणी घालून १ लिटर, जुन्या साडीच्या फडक्यातून गाळून खडे काढा. ही निवळी नव्हे, दुधासारखं पांढरंच हवं. चुना तळाला बसत राहतो, म्हणून घेण्याआधी प्रत्येक वेळी ढवळा.

पॉलिमर फक्त १ ग्रॅम, १ लिटर पाण्यात. पाणी जोरात फिरवत ठेवायचं आणि पावडर चिमटी-चिमटीनं भुरभुरायची, रव्याच्या शिऱ्यासारखी. एकदम ओतली तर साबुदाण्यासारख्या गाठी होतात आणि त्या संध्याकाळपर्यंत विरघळत नाहीत. त्यानंतर पाऊण तास हळू ढवळलं की मधासारखी तार येते. याचं १ मिली म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम.

आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात, कधीही पाणी आम्लात नाही. चष्मा आणि रबरी हातमोजे घालून.

बरणी-चाचणी

शेजारच्या कारखान्याचा डोस तुम्हाला लागू पडणार नाही आणि तुमचा कालचा डोसही आज पडेलच असं नाही. शेड बदलली, साबण बदलला, विहिरीचं पाणी आटून जड झालं, की डोस हलतो. म्हणून रोज, साठवणीची टाकी भरून ढवळून झाल्यावर, मोठ्या टाकीला हात लावण्याआधी ही चाचणी करायची. तासाभराचं काम आहे.

एक लिटरहून थोड्या मोठ्या सहा पारदर्शक काचेच्या बरण्या घ्या, लोणच्याच्या चालतील, फक्त तेल धुतलेलं हवं. प्रत्येकीत साठवणीच्या टाकीतलं एक लिटर पाणी, ४० अंशांच्या खाली निवलेलं. गरम पाण्यात आतल्या आत प्रवाह फिरतात आणि गाळ बसता बसता पुन्हा वर येतो. बरण्यांवर आकडे घाला. पहिली तशीच ठेवा, तुलनेसाठी. उरलेल्या पाचांत हिराकशीचं द्रावण २, ४, ६, ८ आणि १० मिली. म्हणजे २०० ते १००० मिलिग्रॅम.

लगेच मिनिटभर जोरात ढवळा. आता पीएच बघा. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाच्या पाण्यात सोडा अ‍ॅश असल्यामुळे ते मुळातच १० च्या आसपास असतं, म्हणूनच आपल्या सुती कामाला तुरटीपेक्षा हिराकस सोयीची पडते. तुरटीला पीएच ६ ते ७.५ लागतो, तिथवर आणायला आम्लाचे कॅन रिकामे होतात. हिराकस पडल्यावर पीएच थोडा उतरेल. चुन्याचं दूध ड्रॉपरनं घालत तो ९.५ वर आणा आणि किती मिली लागलं ते बरणीसमोर लिहा. पाणी हिरवट-काळं होऊन त्यात रवा दिसायला लागेल. पाणी फाटलं ते हेच.

आता प्रत्येकीत १ मिली पॉलिमर. इथून पुढे हात हलका ठेवायचा. मिनिटाला साधारण ३० फेरे, दहा मिनिटं. रव्याचे पोह्याएवढे पुंजके होतात. काडी जोरात फिरवली तर ते मोडतात आणि मोडलेला पुंजका पुन्हा नीट जुळत नाही. मग अर्धा तास बरणीला धक्काही लावू नका.

बघायचं काय? वरचं पाणी पांढऱ्या बशीत ओतून रंग बघा, बरणीतून बघू नका, मागच्या भिंतीचा रंग फसवतो. गाळ किती उंच बसला तेही मोजा. ज्या बरणीनंतर डोस वाढवूनही रंगात फरक दिसत नाही, ती तुमची बरणी. समजा ६०० आणि ८०० सारखेच दिसले, तर ६०० घ्या. जास्त हिराकस म्हणजे जास्त गाळ, आणि गाळ उचलायचे पैसे वेगळे.

वरचं थोडं पाणी उघड्या पेल्यात रात्रभर ठेवायला विसरू नका. सकाळी त्याला तपकिरी झाक आली तर पाण्यात लोखंड राहिलंय, म्हणजे चुना कमी पडला.

टाकीचं गणित

लिटरला १०० मिलिग्रॅम म्हणजे १००० लिटरला १०० ग्रॅम. समजा बरणीत हिराकस ६ मिली, चुना ४ मिली, पॉलिमर १ मिली लागलं. ५००० लिटरच्या टाकीला हिराकस ३ किलो, चुना २ किलो, पॉलिमर ५ ग्रॅम. द्रावणांत मोजायचं तर अनुक्रमे ३० लिटर, २० लिटर आणि ५ लिटर. कोरडी पावडर टाकीत ओतू नका, निम्मी न विरघळता तळाला जाते.

क्रम बरणीसारखाच. हिराकस घालून पंखा पूर्ण वेगानं तीन-चार मिनिटं, मग चुना आणि पीएचची खात्री, मग पॉलिमर आणि पंखा सगळ्यात हळू वेगावर पंधरा मिनिटं, मग बंद. या टाकीत हवेचा पाइप सोडला असेल तर पॉलिमर पडण्याआधी तो बंद झालाच पाहिजे. बरणीत झकास आणि टाकीत गढूळ, अशी तक्रार आली की दहातल्या सात वेळा हवा चालू राहिलेली असते. उरलेल्या तीन वेळा टाकीत पाणी ५००० लिटर नसतंच, अंदाजानं धरलेलं असतं.

दोन-तीन तासांनी हातभर वरच्या नळातून निवळ पाणी काढा. त्याचा पीएच अजून ९ च्या वर आहे, पातळ आम्लानं ७.५ वर आणा. मग वाळूचा फिल्टर आणि हवा असेल तर कोळशाचा. कोळशाला रंगाचं पाणी थेट देऊ नका, दोन दिवसांत भरून जातो.

तरीही लाल राहिलं तर

गडद लाल आणि टर्क्वाइज या शेड हिराकशीला पुरत्या दाद देत नाहीत. मग फेंटन. १८९४ मध्ये एच. जे. एच. फेंटन यांनी लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची ही जोडी टार्टारिक आम्लावर दाखवली होती. लोखंडाच्या संगतीनं पेरॉक्साइड फुटतं आणि त्यातून निघणारे जहाल रॅडिकल रंगाचा रेणूच तोडतात.

पाणी पीएच ३ वर आणा. ४ च्या वर गेलं की लोखंड बसायला लागतं आणि काम थांबतं. लिटरला ५०० मिलिग्रॅम हिराकस विरघळवा. मग ५० टक्क्यांचं पेरॉक्साइड लिटरला पाव, अर्धा आणि एक मिली अशा तीन बरण्या करा, हळूहळू घालत. तासभर ढवळा, बरणीचं झाकण उघडंच. शेवटी चुन्यानं पीएच ८.५ ते ९ करून पॉलिमर द्या.

गाळ खाली बसण्याऐवजी सायीसारखा वर आला तर पेरॉक्साइड उरलंय. त्याचे ऑक्सिजनचे बुडबुडे गाळाला वर उचलतात. डोस कमी करा किंवा वेळ वाढवा. उरलेलं पेरॉक्साइड प्रयोगशाळेत सीओडीचा (पाण्यातली घाण रसायनानं जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचा) आकडाही फुगवतं, तेव्हा नमुना पाठवण्याआधी ते संपल्याची खात्री करा. आणि मिठाचं पाणी फेंटनला देऊ नका, क्लोराइड ते रॅडिकल खाऊन टाकतं. नाल्या वेगळ्या करा म्हटलं ते यासाठीही.

पेरॉक्साइडचा कॅन सावलीत, हिराकशीच्या पोत्यापासून लांब. सल्फर ब्लॅकचं पाणी या वाटेला आणायचंच नाही.

दोन शॉर्टकट दुकानदार हमखास सुचवतो. एक, ब्लीचिंगचं पाणी म्हणजे हायपोक्लोराइट. रंग डोळ्यांदेखत उडतो, पण क्लोरीन जोडलेली विषारी संयुगं मागे राहतात, आणि चुकून आम्ल मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. दुसरा, हायड्रोस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. तो अ‍ॅझो रंगाचा बंध तोडतो, पाणी फिकं दिसतं, पण त्यात सुटलेली अमाइन रंगापेक्षा घातक असू शकतात. ओल लागलेला हायड्रोस पिंपातच पेट घेतो, ते वेगळंच. निवळ दिसणारं पाणी स्वच्छ असतंच असं नाही.

मर्यादा आणि कागद

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी ठरवलेले मुख्य आकडे असे: पीएच ६.५ ते ८.५, लिटरला मिलिग्रॅममध्ये तरंगते कण १००, बीओडी (जिवाणूंना घाण खायला लागणारा ऑक्सिजन) ३०, सीओडी २५०, तेल-ग्रीस १०; आणि रंग १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक. प्रदूषण मंडळानं दिलेल्या तुमच्या संमतिपत्रात याहून कडक अट असेल तर तीच धरायची. रासायनिक प्रक्रियेनं रंग आणि कण जातात, सीओडी बऱ्याचदा तिसरा हिस्सा ते निम्मा उतरतो. पण बीओडी ३० वर आणायला पुढे जिवाणूंची टाकी लागते, किंवा सामायिक प्रक्रिया केंद्र. नुसत्या चुना-हिराकशीवर भागतं असं कुणी सांगितलं तर त्याला बीओडीचा रिपोर्ट मागा. खळ काढलेल्या पाण्याचा बीओडी जास्त असतो, म्हणून तेही असाच त्रास देतं.

डाईंग लाल वर्गात, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या उद्योगांत मोडतं. कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची संमती आधी, चालवण्याची नंतर. मशीन आणून मग अर्ज करणं महागात पडतं. मंडळाचं पत्र कन्नडमध्ये आलं तर अंदाजानं सही करू नका, अटी ओळ न ओळ वाचून घ्या. रोजची वही ठेवा: तारीख, शेड, किती लिटर, बरणीत काय लागलं, टाकीत काय घातलं, पीएच आधी आणि नंतर. तपासणीला ती दाखवता येते, आणि तीन महिन्यांनी कुठली शेड किती हिराकस खाते हे तुमचं तुम्हालाच कळतं.

गाळ

तळाचा व्हॉल्व्ह उघडून गाळ वाफ्यावर घ्या, थर वीतभरापेक्षा जाड नको. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्याभरात भेगा पडून वडीसारखा सुटतो. पावसाळ्यात वाफ्यावर पारदर्शक पत्र्याचं छप्पर आणि बाजू मोकळ्या हव्यात, नाही तर गाळ महिनाभर चिखलच राहतो आणि मागचा येऊन त्यावर बसतो. काम वाढलं की फिल्टर प्रेस घेतल्याशिवाय सुटका नाही.

हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. शेतात, वीटभट्टीला किंवा रस्त्याच्या खड्ड्यात टाकायचा नाही. सुकल्यावर आतून प्लास्टिक असलेल्या पोत्यांत भरा, पोत्यावर तारीख आणि वजन लिहा, छपराखाली फरशीवर ठेवा. ९० दिवसांच्या आत तो अधिकृत उचलणाऱ्याकडे गेला पाहिजे आणि जाताना त्याची पावती वहीत चिकटवलेली हवी. टाकी धुवायला आत माणूस उतरवायचा असेल तर आदल्या रात्रीपासून झाकण उघडं, आत हवा सोडलेली, कमरेला दोर आणि वर दोर धरलेला दुसरा माणूस. एकट्याला उतरवायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी.